सफियाची बरणी

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नासिरने आजीची पेटी उघडली आणि आत बरणी नव्हती.

ही पेटी म्हणजे पितळी फुल्या ठोकलेला जड लाकडी संदूक. मस्कतच्या सफियाबाई तो लग्नात माहेराहून घेऊन आल्या होत्या आणि आता तो मुळशी तालुक्यात, पिरंगुटच्या एका कारखान्यातल्या नमुन्यांच्या खोलीत होता. आतल्या काचेच्या बरणीत सफियाबाईंनी मरणापूर्वी स्वतःच्या हाताने मळलेला बखूर होता. बखूर म्हणजे अरबांचा धूप. उद, लोबान, गुलाब, केशर आणि काय काय एकत्र मळून करतात. पाहुणा आला की निखाऱ्यावर चिमूटभर टाकायचा आणि घर दरवळू द्यायचं.

सफियाबाई तो आधी शेजारणींना वाटायच्या. त्यांचा मुलगा हमूद याने त्याचं दुकान काढलं, मग दुकानांची रांग लावली, आणि 'सफिया' हे नाव सगळ्या ओमानात घरोघरी झालं. हमूदशेठ एवढ्यावर खूश होते. त्यांच्या पुतण्याला, नासिरला मात्र ते नाव लंडन-पॅरिसच्या फळीवर बघायचं होतं. तो पुण्यात शिकलेला, कोथरूडमध्ये भाड्याने राहिलेला. त्याने काकांना पटवून पिरंगुटला कारखाना टाकला आणि निखाऱ्याशिवाय जळणारी बखुराची वडी तयार केली. लंडनच्या फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणणार?

श्रावणात पाठवलेले नमुने लंडनच्या दुकानदारांना पसंत पडले. उद्या संध्याकाळी हमूदशेठ येणार होते. नवी वडी आणि आईची बरणी शेजारी शेजारी ठेवून ते स्वतः हुंगणार होते. वास जुळला तरच वडीला आईचं नाव, नाहीतर ऑर्डर परत, असं त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं.

पेटीचं कुलूप शाबूत होतं. त्याला किल्ल्या दोनच. एक हमूदशेठच्या खिशात मस्कतला, आणि दुसरी नासिरच्या गळ्यातल्या साखळीत.

२

कोथरूडच्या घरमालकिणीने नासिरला सुनीती घैसास यांचा नंबर दिला. सुनीतीचं कर्वे रस्त्यावर चौकशीचं छोटं ऑफिस होतं. कामं बहुतेक लग्नाआधीची. मुलगा खरंच अमेरिकेत आहे का, मुलीचं आधी कुठे काही होतं का, असल्या चौकशा करून करून तिचा माणसांवरचा विश्वास पातळ झाला होता. कुतूहल मात्र तसंच राहिलं होतं. दुपारपर्यंत ती पिरंगुटला पोचली.

"मॅडम, काका मला चोर बोलतील," नासिर म्हणाला. त्याचं मराठी घरमालकिणीकडून शिकलेलं होतं आणि अडलं की त्याला हिंदीचं ठिगळ लागायचं. "माझं नाव जाईल. त्यांना पहलेसे वाटते की मी आजीचा वास हलका करून विकतोय. आता बरणी नाही, किल्ली माझ्याकडे. दुसरा कोण?"

प्रश्न बिनतोड होता. सुनीती आधी खोली बघायला निघाली.

नमुन्यांच्या खोलीत भिंतीला लागून ती पेटी होती आणि तिच्या शेजारच्या टेबलावर खंडेनवमीची पूजा अजून तशीच मांडलेली होती. स्क्रू-ड्रायव्हर, पाने, कात्र्या, तराजू, बखूर मळायची लाकडी उलथनी, सगळी धुऊन-पुसून ओळीने ठेवलेली. प्रत्येकावर हळदकुंकवाचं बोट आणि झेंडूचं फूल. त्या ओळीत एका ठिकाणी मात्र मोकळी जागा होती. तिथे नुसतं फूल पडलं होतं.

"पूजेच्या वेळी बरणी होती?" सुनीतीने विचारलं.

"होती. मीच पेटी खोलली. आमचे बखूर मळणारे पंतकाका, त्यांनी बरणीलापण कुंकू लावलं. मग मी कुलूप लावलं. दसऱ्याला सुट्टी. आज सकाळी बघितलं तर नाही."

इतक्यात एक तरुण लगबगीने आत आला. हा कौस्तुभ. मूळचा अमरावतीचा, आता बाणेरला ऑफिस थाटून कंपन्यांना ब्रँड कसा वाढवायचा ते शिकवणारा. त्याच्या हातात चिकटपट्टी लावलेला खोका होता. त्याने टेबलावरची कात्री उचलली, तिच्यावरचं फूल बोटाने उडवलं आणि खोका कापायला लागला. दारात उभ्या असलेल्या कामवाल्या चंद्राबाईंनी जिभेने 'च्च' केलं, ते त्याला ऐकूही गेलं नाही.

"मॅम, फ्रँकली सांगू का?" तो म्हणाला. "ती बरणी सेंटिमेंटल व्हॅल्यूची होती. ग्लोबल मार्केटला जड वास चालतच नाही. वर्षभर मी आणि नासिर पंतांच्या मागे लागलो होतो, वास लाइट करा म्हणून. ते ऐकेचनात. आणि श्रावणातली बॅच आली तर एकदम परफेक्ट, लाइट. मी म्हटलं, फायनली पंतकाकांनी ऐकलं. लंडनने तीच अप्रूव्ह केली."

"म्हणजे उद्या बरणीशी तुलना झाली असती तर वास जुळला नसता."

कौस्तुभची कात्री थांबली. "तसं बघितलं तर... नसता जुळला."

म्हणजे बरणी नाहीशी होण्यात या दोघांचाही फायदाच होता. सुनीती पेटीजवळ गेली आणि तिने ती भिंतीपासून पुढे ओढली. मागे पितळी बिजागऱ्या होत्या. त्यांचे स्क्रू वेडेवाकडे बसवलेले होते आणि त्यांच्या खाचांवर ताजे ओरखडे होते.

कुलपाला कुणी हातच लावला नव्हता. झाकण मागून उघडलं होतं.

३

नासिरचा चेहरा उजळला, पण कौस्तुभने लगेच त्याच्यावर पाणी ओतलं. "किल्ली असलेला माणूसच असं करेल ना मॅम? म्हणजे संशय दुसऱ्यावर जावा."

मुद्दा वाईट नव्हता. सुनीती फाटकाशी गेली. तिथल्या खोलीत नथू आणि त्याची बायको चंद्राबाई राहत. कारखान्याची जमीन एकेकाळी नथूच्याच भावकीची. आता तो तिची राखण करायचा आणि त्यात त्याला काही विशेष वाटत नव्हतं.

"दसऱ्याला आत कोण कोण आलं होतं?"

"तिघंच," नथू म्हणाला. "नासिरसायब तर वरच राहत्यात. कौस्तुभसायब फोटू काडाया आलते. आन् पंत आलते सोनं द्याया. आपट्याची पानं दिली, आत जाऊन दिवा लावला, बसले जरा, आन् ग्येले. दर साली येत्यात. लई द्येवमानूस."

"त्या खोलीत तिघेही एकेकटे होते?"

"व्हय. मी काय मागं मागं फिरतुया व्हय?"

चंद्राबाईंची तक्रार वेगळीच होती. "ताई, पूजंतली पकड न्हाई, बगितलं का? नासिरसायबानी उचलली. दसऱ्याच्या सकाळी. वर न्हानीतला नळ गळत हुता म्हनून. पुजल्यालं हत्यार असं उचलत्यात का? पन त्यांला काय ठावं बिचाऱ्यांला, म्हनून आमी गप बसलो."

तर ती मोकळी जागा पकडीची होती. ज्याने पकड उचलली त्याने स्क्रू-ड्रायव्हरही उचलला असेल, असं कुणीही म्हटलं असतं. सुनीतीही क्षणभर तसंच म्हणाली, मनातल्या मनात. मग तिने खोलीत परत येऊन स्क्रू-ड्रायव्हर नीट पाहिले. चारही जागच्या जागी होते. वाळलेलं कुंकू कुठे पुसलं गेलं नव्हतं.

पेटी उघडली होती, पण या टेबलावरच्या एकाही स्क्रू-ड्रायव्हरने नाही.

४

बंडोपंत वर्तकांना कारखान्यात सगळे पंत म्हणत आणि बाहेर त्यांची ओळख 'सफियाचं नाक' अशी होती. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मस्कतला काढली होती. सफियाबाईंच्या हाताखाली बखूर मळायला शिकलेला हा एकमेव परका माणूस. प्रत्येक नवी बॅच त्यांनी हुंगून मान डोलावली तरच पुढे जायची.

ते चहाच्या खोलीत सापडले. गॅसवर दूध ठेवलेलं होतं आणि पंत त्याला पाठ करून बाकावर बसले होते.

"बरणी गेली याचं मला काय वाटतं म्हणून विचारता?" ते म्हणाले. "आईच्या हातचं शेवटचं लोणचं कुणी पळवावं तसं वाटतं. सफियाबाईंना मी अम्माच म्हणायचो. मोजमाप नाही, काही नाही. चिमटीत घ्यायच्या, हुंगायच्या, टाकायच्या. मला म्हणायच्या, नाकाने मोज."

"चोरी कुणी केली असेल?"

"मुलांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांना जग जिंकायचंय. जग जिंकायला निघालेल्या माणसाला घरातलं ओझं वाटायला लागतं." पंत खिन्नपणे हसले. "बरणी आता मुंबईत कुठेतरी, नाहीतर नदीत. मिळायची नाही."

दूध करपल्याचा वास यायला लागला होता. सुनीतीला वाटलं, हे जवळ बसलेत, आत्ता उठतील. पंत बोलतच राहिले. सफियाबाईंचं अंगण, तिथली बकरी, पहिल्यांदा चुकलेला घाणा. बोलण्यात माणूस किती रमतो, असं तिच्या मनात आलं आणि ती उठणार तेवढ्यात अंगणातून नथू धावत आला.

"आवो पंत, दूद करपलं की सारं. फाटकापातूर वास आलाय."

पंत दचकून वळले. त्यांनी पातेलं बघितलं, मग गॅस बंद केला. "अरेरे," ते म्हणाले, "माझं लक्षच नव्हतं." आणि ते घरी जायला निघाले.

चंद्राबाई पातेलं खरवडायला बसल्या. त्यांनी चमच्यांच्या डब्यात हात घातला, एक चमचा काढला आणि वैतागल्या. "ह्यो बगा. खंडेनवमीला समदे चमचे घासून ठिवलते. ह्येचं शेपूट कुनी पिरगाळलं?"

सुनीतीने तो चमचा मागून घेतला. दांड्याचं चपटं टोक वाकलेलं होतं आणि कडेला पिवळी पितळी झाक होती. पेटीजवळ नेऊन तिने ते टोक स्क्रूच्या खाचेत घातलं. अगदी नेमकं बसलं.

५

रात्री सुनीती त्या चमच्याचाच विचार करत झोपली आणि सकाळी चहा घेताना तिला त्याचं म्हणणं कळलं.

चोर आधीपासून ठरवून आला असता तर हत्यार घेऊन आला असता. आयत्या वेळी ठरवलं असतं तर हाताशी चार स्क्रू-ड्रायव्हर होते. या चोराने दोन्ही केलं नाही. तो चहाच्या खोलीपर्यंत चालत गेला, चमचा घेऊन आला आणि त्या बोथट टोकाने झटत राहिला. पेटी फोडायला त्याचा हात धजावला, पण पुजलेलं हत्यार उचलायला धजावला नाही.

नासिरने पकड उचलून नळ दुरुस्त केला होता. त्याला ही अडचण पडलीच नसती. कौस्तुभने तर तिच्या डोळ्यांदेखत फूल उडवून कात्री घेतली होती. मग पूजा मानणारे तिघे उरत होते, चंद्राबाई, नथू आणि पंत. चंद्राबाईंनी तर तो चमचा स्वतःच काढून दाखवला होता. त्यातल्या नथूला दुधाचा वास फाटकापर्यंत आला होता आणि पंतांना हातभर अंतरावरून आला नव्हता. सुनीतीने कप खाली ठेवला. हे खरं ठरू नये असं तिला फार वाटलं.

पंतांचं घर भूगावला होतं. दुपारी तिने फाटक उघडलं आणि ती तिथेच थबकली. जास्वंदीच्या कुंपणापर्यंत उदाचा, गुलाबाचा, कसल्याशा गरम मसाल्याचा दाट वास पसरला होता. कारखान्यात हा वास कुणाच्या लक्षातही आला नसता. तिथे भिंतीसुद्धा दरवळतात. इथे मात्र रस्त्याने जाणारी बाई वळून बघत होती.

पंतांच्या पत्नी रजनीताईंनी दार उघडलं. "या ना. घरात कालपासून काहीतरी सांडलंय बघा. यांना सारखी सांगतेय, तर म्हणतात, माझ्या कपड्यांचा असेल."

पंत आरामखुर्चीत बसले होते. त्या दरवळत्या घरात बसून त्यांनी शांतपणे विचारलं, "बरणीचा काही पत्ता लागला का हो?"

सुनीतीला त्या क्षणी त्यांची फार कीव आली. ती समोरच्या मोड्यावर बसली.

"पंत," ती हळूच म्हणाली, "बरणीचं झाकण सुटलंय. सगळ्या घराला कळलंय. तुम्हालाच कळलेलं नाही."

पंतांनी एकदा रजनीताईंकडे पाहिलं, एकदा दिवाणाकडे. मग त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

६

आजारपणाचं सगळं रजनीताईंनीच सांगितलं. आषाढात ताप आला. ताप उतरला आणि वास गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, येईल. तोवर कुणाला सांगायचं नाही असं पंतांनी ठरवलं. तीस वर्षांच्या सवयीवर, हाताच्या अंदाजाने त्यांनी श्रावणातली बॅच मळली. मुलं आनंदाने म्हणाली, काका, तुम्ही शेवटी ऐकलंत. पंतांनी मुद्दाम काहीही बदललं नव्हतं. तेव्हाच त्यांना कळलं की काहीतरी चुकलंय, आणि ते चुकलेलं लंडनला निघालंय. शेठ बरणीशी वास ताडून बघणार म्हटल्यावर ते उघडं पडणार होतं.

"हे मला ठाऊक होतं," रजनीताई म्हणाल्या. "वास गेल्याचं. बरणीचं नव्हतं." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

संध्याकाळी पंतांनी स्वतःच बरणी हमूदशेठपुढे ठेवली. शेठ उंच, थकलेले, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते. मस्कतच्या बाजारात गुजराती व्यापाऱ्यांबरोबर वाढल्यामुळे त्यांची हिंदी नासिरच्या मराठीपेक्षा सरळ होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बरणीतलं चिमूटभर निखाऱ्यावर टाकलं आणि डोळे मिटले. ते पुरतं जळेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

दारं-खिडक्या उघडून वारा खेळू दिल्यावर त्यांनी लंडनची वडी पेटवली.

"ही माझी आई नाही," ते म्हणाले.

कौस्तुभ पुढे झाला. "पण सर, मार्केटला हेच हवंय. ब्रँडला इव्हॉल्व्ह तर व्हायलाच लागतं ना."

"हवं असेल. वास चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण लंडनची बाई ही वडी जाळेल आणि म्हणेल, सफिया अशी होती. आणि सफिया अशी नव्हती." त्यांनी वडी विझवली. "आईच्या नावाने हे जाणार नाही."

म्हणजे ऑर्डर गेली. नासिरने मान खाली घातली. चोर म्हणवून घेण्यापासून तो सुटला होता, पण ज्यासाठी त्याने इतकी वर्षं घालवली ते त्याच संध्याकाळी हातचं गेलं. सुनीती त्याच्याकडे बघत होती. तिला वाटलं, आता हा पंतांवर तुटून पडेल, आणि पडला तरी त्याला दोष देता येणार नाही.

पंतांनी हात जोडले. "हमूदशेठ, माझं नाक गेलं. मी अम्माचं नाव बुडवलं. मला माफ करा."

"नाक गेलं त्याची माफी मागायची नसते," हमूदशेठ म्हणाले. "ते देवाने दिलं होतं, त्याने नेलं. तुम्ही मला एक फोन केला असता तर मी त्याच दिवशी विमानात बसलो असतो. पण हा पोरगा तुम्हाला काका म्हणतो. कालपासून सगळे त्याच्याकडे चोर म्हणून बघत होते, आणि तुम्ही गप्प बसला होतात. माफी मागायची तर त्याची मागा."

पंत पुढे झाले. साठीचा तो माणूस नासिरसमोर उभा राहिला आणि शाळेतल्या मुलासारखा रडला. "मला वाटलं, तू मालकांच्या घरचा आहेस," ते कसेबसे म्हणाले, "तुला सांभाळून घेतील. मी कुठे जाऊ? मला दुसरं काही येत नाही रे."

नासिर खिडकीपाशी गेला. बाहेर पाळी सुटली होती. पौड रस्त्याला लागलेल्या बायका मागे वळून वळून कारखान्याकडे बघत होत्या. आतली बातमी त्यांच्यापर्यंत पोचली असावी. तो परत आला तेव्हा त्याने विझलेली वडी उचलली आणि नाकाशी धरली. मग बरणी हुंगली. पुन्हा वडी.

"पंतकाका," तो म्हणाला, "आजीमध्ये काहीतरी गरम आहे. गळ्याला लागतं. लास्टमध्ये येतं. यात नाही."

पंतांनी डोळे पुसले. "गोड गरम की तिखट गरम?"

"तिखट. थोडं... दाताच्या डॉक्टरकडे येतो ना, तसं."

"लवंग," पंत म्हणाले. "लवंगेचं तेल. ते सगळ्यात शेवटी घालायचं असतं. मी विसरलो." मग त्यांनी विचारलं, "आणि गुलाब? गुलाब आधी येतो की उदाच्या मागून?"

नासिरने डोळे मिटून पुन्हा बरणी हुंगली. हमूदशेठनी पुढे होऊन दिवा लावला आणि दोघांच्या मधे खुर्ची ओढून बसले. सुनीतीने पर्स उचलली. पंतांचा प्रश्न अजून हवेतच होता आणि नासिर उत्तर द्यायची घाई करत नव्हता.

"मागून," तो शेवटी म्हणाला. "पण काका, तुम्ही उद्यापासून मला शिकवणार. तुमच्यावर मी अजून रागावलोय. तरी शिकवणार."